अंदाज न येणारं प्रेम मनाला का दमवतं

रात्री ११ वाजून १० मिनिटांनी मेसेज गेला: ‘घरी पोहोचलास का?’ दोन मिनिटांत तो वाचल्याची खूण उमटली. उत्तर मात्र नाही. ११:२० ला पुन्हा फोन बघून झाला. ११:३० ला कळलं, चार मिनिटांपूर्वीच तो ऑनलाइन होता. म्हणजे फोन हातात आहे, मग उत्तर का देत नाहीये? दुपारी माझं काही चुकलं का? ग्रुपमध्ये सगळे हसत होते तेव्हा तो गप्प का होता? ११:५० ला उत्तर आलं: ‘हो गं, आईशी बोलत होतो.’ छातीवरचा दगड एकदम उतरला. सकाळी टेस्ट आहे आणि गेल्या ४० मिनिटांत पुस्तकाचं एकही पान उलटलेलं नाही.

या ४० मिनिटांत काय झालं ते नीट समजून घेतलं, तर कॉलेजच्या वयातल्या प्रेमाचं बरंचसं कोडं सुटतं. उत्तराला उशीर झाला हे खरं. पण मन दमलं ते अंदाज नसल्यामुळे: उत्तर येईल की नाही, कधी येईल, आणि न येण्याचा अर्थ काय. ‘पोहोचलो, आता घरच्यांशी बोलतोय, उद्या भेटू’ एवढी एक ओळ सव्वाअकराला आली असती, तर नंतर रात्रभर काहीच आलं नसतं तरी झोप लागली असती.

प्रेमात पडलं की अभ्यास बुडतो, मन बिघडतं, असं मोठी माणसं सरसकट सांगतात. मुलांना वाटतं की जोडीदार असला की सगळं छान होईल. अभ्यासांमधून दिसणारं चित्र या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. २००० साली अमेरिकेतल्या १२ ते १७ वयाच्या मुलामुलींवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रेमात पडलेल्या मुलामुलींमध्ये, न पडलेल्यांच्या तुलनेत, नैराश्याची लक्षणं थोडी जास्त वाढलेली दिसली. दहा वर्षांनी, २०१० साली, १,६२१ कॉलेज विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं: बांधिलकीच्या नात्यात असलेल्यांना मानसिक तक्रारी कमी होत्या. वय वेगळं, नात्याचा प्रकारही वेगळा. आमच्या मते यातला कळीचा शब्द ‘बांधिलकी’ हा आहे. समोरचा माणूस उद्याही असेल याची खात्री असलेलं नातं मनाला आधार देतं. जिथे रोज नव्याने अंदाज बांधावा लागतो, ते नातं कितीही गोड असलं तरी मनाची शक्ती शोषून घेतं.

एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं, की बाळाला जगण्यासाठी जवळच्या माणसाचं सान्निध्य लागतं आणि ते तुटेल असं वाटलं की बाळाच्या मनात धोक्याची घंटा वाजते. मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण करून दाखवलं, की ही घंटा प्रत्येकाची वेगळी वाजते. आई खोलीबाहेर जाऊन परत आली की काही बाळं रडून लगेच शांत होतात, काही चिकटतात आणि तरीही रागावलेली राहतात, काही जणू काही झालंच नाही अशी खेळत राहतात. १९८७ साली सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी वर्तमानपत्रात एक प्रश्नावली छापून हाच विचार मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिला. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त जण जवळिकीत निश्चिंत होते, साधारण पाव हिस्सा अंतर राखून राहणारे होते आणि साधारण पाचवा हिस्सा सतत धास्तावलेले.

ही नावं कपाळावर चिकटवून घेऊ नयेत. हे रक्तगट नव्हेत. एकच माणूस एका नात्यात निश्चिंत असतो आणि दुसऱ्यात धास्तावतो, कारण समोरच्याच्या वागण्यानेही घंटेचा आवाज कमीजास्त होतो. पण आपला कल कोणता, हे माहीत असलेलं बरं.

सर्वात जास्त ओढाताण होते ती धास्तावणारा आणि अंतर राखणारा एकत्र आले की. धास्तावलेला माणूस एकाऐवजी पाच मेसेज पाठवतो. अंतर राखणाऱ्याला त्यात दबाव दिसतो आणि तो फोन पालथा ठेवतो. फोन पालथा पडला की पहिल्याची धास्ती वाढते, मेसेज दहा होतात. ‘तुला माझी किंमतच नाही’ आणि ‘तू मला श्वासच घेऊ देत नाहीस’ ही दोन वाक्यं याच चक्राच्या दोन टोकांना उभी असतात. दोघंही स्वतःला वाचवत असतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपल्यावर चालून येतोय.

हे चक्र तोडायला दोघांनी एकेक छोटी गोष्ट बदलायची असते. धास्तावणाऱ्याने आरोप सोडून गरज बोलायची. ‘तू नेहमी मला टाळतोस’ याऐवजी ‘रात्री उत्तर आलं नाही की मला झोप लागत नाही; झोपण्याआधी एक ओळ टाकशील का?’ ही मागणी छोटी आहे आणि ती पूर्ण झाली की नाही हे दोघांनाही स्पष्ट दिसतं. अंतर राखणाऱ्याने दूर जाताना परत येण्याची वेळ सांगायची. ‘आज मला एकटं राहायचंय’ हे अर्धवट वाक्य आहे. ‘आज मला एकटं राहायचंय, उद्या दुपारी दोनला फोन करते’ हे पूर्ण वाक्य. आणि मग दुपारी दोनला खरंच फोन करायचा. पहिल्या आठवड्यात हे कृत्रिम वाटतं. तीन-चार वेळा शब्द पाळला गेला की समोरच्याची घंटा आपोआप मंदावते.

‘आपण नक्की कोण आहोत?’

रोज बोलणं आहे, भेटणं आहे, जवळीक आहे, पण नात्याला नाव नाही. सोमवारी प्रेमाचा वर्षाव, बुधवारी तुटक ‘हम्म’, शुक्रवारी पुन्हा रात्रभर गप्पा. अशा नात्यातून बाहेर पडणं स्थिर नात्यापेक्षा अवघड जातं, आणि त्यामागे एक जुना, अनेकदा तपासलेला नियम आहे. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवरचे प्रयोग १९५७ साली सविस्तर मांडले. चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल आणि मग दाणे बंद झाले, तर कबुतर लवकर थांबतं. दाणा कधी मिळेल हे सांगताच येत नसेल, तर ते दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतं. कधीमधी मिळणारी माया अशीच धरून ठेवते. त्या ओढीची तीव्रता पाहून ‘हेच खरं प्रेम’ असं वाटायला लागतं, तिथेच फसगत होते. बऱ्याचदा ती तीव्रता अनिश्चिततेतून आलेली असते.

उपाय एकच: विचारणं. मेसेजवर नको; समोरासमोर, दोघांनाही घाई नसताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. ‘आपण काय आहोत?’ हा प्रश्न फार मोठा आहे, समोरचा गांगरतो. त्याचे तुकडे करावेत. आपण दोघंही इतर कुणाला त्या अर्थाने भेटत नाही आहोत ना? मित्रमंडळींनी विचारलं तर काय सांगायचं? आठवड्यात साधारण किती वेळ एकमेकांसाठी? परीक्षेच्या दिवसांत बोलणं कमी झालं तर त्याचा अर्थ काय धरायचा? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि सर्वात जास्त गैरसमज तिथेच होतात.

‘माहीत नाही, बघू’ असं उत्तर आलं तर पहिल्या वेळी ते प्रामाणिक असू शकतं. एक मुदत ठरवावी, समजा दोन आठवडे, आणि पुन्हा विचारावं. दुसऱ्या वेळीही तेच आलं, तर ‘हे असंच राहणार’ हे उत्तर मिळालेलं आहे असं धरून आपला निर्णय घ्यावा. इथे आम्ही स्पष्ट मत देतो, कारण या टप्प्यावर महिनोन्‌महिने थांबून राहण्याची किंमत बाहेरून दिसत नाही. हजेरी, झोप, मित्र, आत्मविश्वास, सगळं त्यात हळूहळू झिजत जातं.

भांडण कसं होतं यावर बरंच अवलंबून

भांडणं होतात म्हणून नातं वाईट ठरत नाही. नात्यांचा अनेक वर्षं प्रयोगशाळेत अभ्यास करणारे जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना भांडणाच्या विषयावर बोलायला बसवलं, त्यांची नाडी मोजली आणि पुढची कित्येक वर्षं कोण एकत्र राहिलं याचा माग ठेवला. चार गोष्टी घातक निघाल्या: माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणं, स्वतःचा बचाव करत राहणं, भिंतीसारखं गप्प होणं आणि तुच्छतेने बोलणं. यांत तुच्छता सर्वात वाईट. डोळे फिरवणं, नक्कल करणं, मित्रांसमोर खिल्ली उडवणं, हे सगळं तुच्छतेतच मोडतं, आणि कॉलेजच्या ग्रुपमध्ये ते ‘गंमत’ म्हणून सहज खपून जातं.

नाडीचा भाग रोजच्या उपयोगाचा आहे. भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले, की समोरचा काय म्हणतोय ते नीट कानावर पडत नाही. शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीत असतं. त्या अवस्थेत शब्द कितीही चांगले निवडले तरी वाया जातात. अशा वेळी थांबावं, निदान २० मिनिटं, कारण शरीर खाली यायला तेवढा वेळ लागतो. त्या २० मिनिटांत मनातल्या मनात पुढचे डायलॉग रचत बसलं तर ठोके उतरत नाहीत. चालायला जावं, अंघोळ करावी, कपडे घड्या घालाव्यात. आणि उठून जाताना ‘अर्ध्या तासाने बोलू’ हे सांगूनच उठावं, नाहीतर ते थांबणं म्हणजे भिंत होते.

कॉलेजच्या वयातली निम्मी भांडणं रात्री उशिरा आणि टाइप करून होतात असं म्हटलं तरी फारसं वावगं ठरणार नाही. हे दोन्ही एकत्र आलं की नुकसान ठरलेलंच. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. ‘ठीक आहे’ हे दोन शब्द समजूत पटल्याचेही असतात आणि दार आपटल्याचेही. धास्तावलेलं मन त्यातला वाईट अर्थच उचलतं. त्यात झोपेची भर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या रात्री झोप कमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी जोडप्यांमध्ये खटके जास्त उडाले, आणि दोघांपैकी एकाचीच झोप बिघडली असली तरी भांडण सुटायला जड गेलं. म्हणून दोघांनी शांत असताना एक नियम ठरवून टाकावा: रात्री दहानंतर वादाचा विषय सुरू करायचा नाही. सुरू झालाच तर ‘हे उद्या बोलू, मी कुठे जात नाहीये’ असं लिहून थांबायचं. त्यातला ‘मी कुठे जात नाहीये’ हा तुकडा गाळू नये. झोप तोच आणतो.

आणखी एक साधन आहे, त्याला फक्त सात मिनिटं लागतात. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. निम्म्या जोडप्यांना दुसऱ्या वर्षात तीन वेळा, दर वेळी सात मिनिटं, अलीकडच्या एका भांडणाबद्दल लिहायला सांगितलं. पण अशा तिसऱ्या माणसाच्या नजरेतून, ज्याला दोघांचंही भलं हवंय. दुसऱ्या वर्षात या जोडप्यांच्या नात्याची घसरण थांबली, न लिहिणाऱ्यांची चालूच राहिली. लग्न झालेल्यांवरचा हा अभ्यास असला तरी करून पाहण्यात तोटा काहीच नाही. ‘त्या दोघांना ओळखणाऱ्या एखाद्या समजूतदार मावशीने हे भांडण पाहिलं असतं तर तिला काय दिसलं असतं?’ असा प्रश्न स्वतःला विचारून लिहायला बसावं.

भांडणाइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: आनंदाच्या बातमीला मिळणारं उत्तर. शेली गेबल यांनी २००६ साली जोडप्यांना आलटून पालटून चांगल्या आणि वाईट गोष्टी एकमेकांना सांगायला लावल्या. नातं टिकेल का, याचा अंदाज वाईट गोष्टीला दिलेल्या धीरापेक्षा चांगल्या गोष्टीला दिलेल्या प्रतिसादावरून जास्त बरोबर आला. ‘माझी इंटर्नशिपसाठी निवड झाली!’ यावर ‘अरे वा’ म्हणून फोनकडे वळणं, किंवा ‘मग आता भेटायला वेळच मिळणार नाही’ म्हणणं, हे मनावर ओरखडा काढून जातं. ‘कधी कळलं? कोणी फोन केला? तू काय म्हणालीस?’ असे दोन-तीन प्रश्न विचारले की तोच आनंद दुप्पट होतो.

वेळेचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. वर्ग, प्रॅक्टिकल आणि येणंजाणं मिळून साधारण ४२. स्वतःचा अभ्यास १८. जेवण, अंघोळ, कपडे, खरेदी अशी कामं २०. उरले ३२ तास. रोज रात्री तीन तास फोनवर गेले तर २१ तास तिथेच संपतात. मित्र, व्यायाम, छंद, घरचे आणि नुसतं स्वस्थ बसणं, सगळ्याला मिळून ११ तास. यातही सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. नाहीतर पहिली कात्री झोपेला लागते आणि दुसरी मित्रांना.

मित्र सुटले की नात्यावर भार वाढतो. जे पूर्वी पाच माणसांत वाटलं जायचं (अभ्यासाची कुरकुर, घरची चिंता, सिनेमाच्या गप्पा) ते सगळं एकाच माणसाने पेलायचं असतं. तो माणूस एखाद्या दिवशी थकला की आपलं सगळं जगच बंद पडतं. म्हणून आठवड्यातल्या निदान दोन संध्याकाळी आधीपासूनच ज्या मित्रांच्या किंवा सरावाच्या होत्या त्या तशाच ठेवाव्यात. नवीन नात्याच्या पहिल्या दोन महिन्यांत हे फार जड जातं, आणि नेमकं त्याच काळात ते करायला हवं.

इथे एक धोक्याची जागा आहे. मित्र आपण होऊन कमी केले की जोडीदाराने कमी करायला लावले? ‘त्याच्याशी बोलू नकोस’, ‘पासवर्ड दे, लपवायचं काय आहे?’, ‘लोकेशन चालू ठेव, मला काळजी वाटते’. काळजी आणि ताबा यांची भाषा सारखीच असते, त्यामुळे शब्दांवरून ओळखता येत नाही. एकदा ‘नाही’ म्हणून पाहावं आणि पुढे काय होतं ते बघावं. काळजी करणारा माणूस हिरमुसतो, विचारतो, पण मान्य करतो. ताबा ठेवणारा रुसवा, धमकी, दिवसभराचा अबोला किंवा रडारड करून ‘नाही’चं ‘हो’ करून घेतो. शारीरिक जवळिकीलाही हीच कसोटी लागू पडते. ‘नाही’ म्हणायची भीती वाटत असेल, तर कसोटीचं उत्तर मिळालेलंच आहे. मारहाण, फोटो पसरवण्याची धमकी, पाठलाग यांत समजावत बसू नये. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह जपावेत आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावं.

नातं तुटल्यावरचे पहिले आठवडे

हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली, नुकतंच नातं तुटलेल्या पण अजूनही प्रेमात असलेल्या १५ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून त्यांच्या प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला. मेंदूतले जे भाग बक्षिसाच्या ओढीशी आणि व्यसनाच्या तलफेशी जोडलेले आहेत, ते जागे झाले. ब्रेकअपनंतर माणूस असा का वागतो, ते यातून कळतं. एकदा फक्त प्रोफाइल बघू, एकदाच फोन करू, ‘शेवटचं’ भेटू, ही तलफ आहे. ती लाटेसारखी येते, चढते आणि काही केलं नाही तरी ओसरते. तिला प्रत्येक वेळी थोडं खायला दिलं तर ती परत परत येते. दाणा कधीमधीच मिळणाऱ्या कबुतराचीच ही गोष्ट.

तारा मार्शल यांनी २०१२ साली फेसबुक वापरणाऱ्या ४६४ जणांचा अभ्यास केला. जुन्या जोडीदाराचं पान जास्त चाळणाऱ्यांमध्ये दुःख आणि ओढ जास्त होती, आणि त्यातून सावरून पुढे जाणं कमी. त्यामुळे पहिल्याच दिवशी, मन घट्ट असतानाच्या अर्ध्या तासात, फोनची आवराआवर करावी. चॅट आर्काइव्हमध्ये टाकावं. प्रोफाइल म्यूट करावं. त्रास दिला जात असेल तर ब्लॉक. लोकेशन शेअरिंग बंद करावं. एकमेकांना माहीत असलेले पासवर्ड बदलावेत. ‘आजच्या दिवशी दोन वर्षांपूर्वी’ असे फोटो पुढे आणणाऱ्या सूचना बंद कराव्यात. ही गोष्ट हमखास राहून जाते आणि मग एखाद्या सकाळी घात करते. फोटो रागाच्या भरात खोडू नयेत. एका फोल्डरमध्ये घालून तो पेनड्राइव्ह मित्राकडे द्यावा. निर्णय सहा महिन्यांनी घ्यावा.

विचार करायचाच नाही असं ठरवून चालत नाही. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल मनात येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर जास्तच आलं. त्यापेक्षा आठवणींना वेळ नेमून द्यावी: संध्याकाळी सहा ते सहा वीस, गजर लावून. दिवसभरात विचार आला की ‘सहाला’ असं म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. त्या वीस मिनिटांत रडावं, आठवावं, हवं ते करावं. ही वेळ झोपण्याच्या तोंडावर मात्र ठेवू नये.

मनातलं लिहून काढावं, असा सल्ला सगळे देतात. जेम्स पेनबेकर यांची पद्धत प्रसिद्ध आहे: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, मनातलं काहीही न लपवता लिहायचं. ती अनेकांना मानवते. पण २०१३ साली डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच विभक्त झालेल्या ९० विवाहितांना हे करायला दिलं, तेव्हा जे लोक ‘असं का झालं’ याचा अर्थ शोधत सतत त्याच विचारात गुंतलेले होते, त्यांना भावना लिहिल्याने फायदा झाला नाही. उलट दिवसभरात काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिणारे त्यांच्यातले लोक लवकर सावरले. त्यामुळे लिहून झाल्यावर हलकं वाटतंय का ते बघावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तेच प्रश्न त्याच शब्दांत वहीत उतरत असतील तर ते थांबवून रोजनिशी लिहावी: सातला उठलो, दोन पोळ्या खाल्ल्या, लायब्ररीत दीड तास बसलो. ऐकायला रुक्ष वाटतं. पण विस्कटलेल्या दिवसाला त्याने पुन्हा आकार येतो.

नातं तुटल्यावर ‘मी कोण, हेच कळेनासं झालंय’ असं अनेक जण म्हणतात. ते अक्षरशः खरं असतं. एरिका स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की ब्रेकअपनंतर माणसाची स्वतःबद्दलची कल्पनाच अस्पष्ट होते, आणि ती जितकी अस्पष्ट तितकं दुःख जास्त. दोघांचे शब्द, दोघांची गाणी, दोघांचे बेत एकमेकांत विणलेले असतात, ते उसवतात. म्हणून नात्याच्या काळात बंद पडलेल्या गोष्टींची यादी करावी आणि त्यातली एकच, सर्वात छोटी, या आठवड्यात सुरू करावी. सुट्टीच्या दिवशीची धाव, गिटार, जुन्या मैत्रिणीला फोन. दहा गोष्टी एकदम धरल्या तर चौथ्या दिवशी दहाही सुटतात.

अवघड प्रश्न वेगळाच असतो: तो किंवा ती त्याच वर्गात, त्याच ग्रुपमध्ये आहे. पूर्ण संपर्क तोडणं शक्य नसतं. अशा वेळी कामापुरतं बोलायची मर्यादा आखून घ्यावी. प्रोजेक्ट एकत्र असेल तर बोलणं फक्त प्रोजेक्टच्या ग्रुपवर, खासगी चॅटवर नाही. लोकांनी विचारलं तर एक ठरलेलं वाक्य: ‘आम्ही थांबलो, ठीक आहे, त्याबद्दल नको बोलूया.’ दोघांच्या सामाईक मित्रांना निरोपे बनवू नये आणि ‘तो काय म्हणत होता?’ असं विचारूही नये. दोन-तीन वेळा असं झालं की मित्र आपल्याला टाळू लागतात. वर्गात बसायची जागा बदलावी, पुढच्या बाजूला, म्हणजे समोर ते दिसत नाहीत.

हे सगळं वाचताना असं वाटू शकतं की हे दुःख कधी सरणारच नाही. २००८ साली पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना, नातं तुटण्याच्या आधीच, विचारून ठेवलं होतं की तुटलं तर किती वाईट वाटेल. नंतर ज्यांचं खरंच तुटलं त्यांचं प्रत्यक्ष दुःख त्यांनी सांगितलेल्यापेक्षा कमी निघालं. सर्वात जास्त चूक कुणाची झाली? जे सर्वात जास्त प्रेमात होते त्यांची.

मदत कधी आणि कशी

झोप, भूक, लक्ष लागणं आणि कशातही गोडी वाटणं हे चारही बिघडून दिवसाचा बराच वेळ, जवळपास रोज, सलग दोन आठवडे तसंच राहिलं, तर ते नुसतं प्रेमभंगाचं दुःख नाही असं समजून समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जावं. दोन आठवडे हा आकडा हवेतून काढलेला नाही. नैराश्याचं निदान करताना तज्ज्ञ हाच कालावधी धरतात. मरणाचे विचार येत असतील, वस्तू वाटून टाकाव्याशा वाटत असतील, इतरांना आपला भार होतोय असं वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठवावं, हेल्पलाइनला फोन करावा किंवा थेट रुग्णालयात जावं. मित्राबद्दल अशी शंका आली तर त्याला सरळ विचारावं: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

‘तू सोडून गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करेन’ असं कुणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे असं धरू नये आणि त्यासाठी नात्यात अडकूनही राहू नये. त्याच्या घरच्यांना, वसतिगृहाच्या रेक्टरना किंवा आपत्कालीन सेवेला लगेच कळवावं. त्याचा जीव वाचवायला अनेक माणसं लागतात. वीस वर्षांच्या एका मुलीने किंवा मुलाने ते एकट्याने, गुपचूप, रात्री-रात्री जागून करायचं काम नव्हे.

समुपदेशकासमोर पहिल्यांदा बसल्यावर काय बोलायचं, याचीच अनेकांना धास्ती असते. तीन ओळी आधीच कागदावर लिहून न्याव्यात: काय झालं आणि कधी, तेव्हापासून झोप, जेवण, अभ्यास यांत काय बदललं, आणि मला सर्वात आधी कशात मदत हवी आहे. रडू आलं आणि बोलता आलं नाही, तर तो कागद नुसता पुढे सरकवला तरी चालतो. पहिल्या दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर तसं सांगून दुसऱ्या समुपदेशकाचं नाव मागावं. ते नेहमीचंच आहे, त्यांना वाईट वाटत नाही.